कापलेलं हायड्रेंजिया: फुलदाणीत टिकवणं आणि घरात वाळवणं

हायड्रेंजियाबद्दल तक्रारी दोनच असतात. सकाळी कापून फुलदाणीत लावलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं, आणि वाळवायला ठेवलेलं फूल सुरकुतून चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. दोष पाण्याला दिला जातो, हवेला दिला जातो, फुलदाणीलाही दिला जातो. खरं म्हणजे बहुतेक वेळा निकाल झाडावरच लागलेला असतो. फूल कोवळं असताना कापलं, तर पुढच्या कुठल्याही युक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा गोंधळ असा, की आधी फुलदाणीत शोभेला ठेवू आणि मरगळलं की उलटं टांगून वाळवू, असा बेत बरेच जण करतात. एकदा मलूल झालेलं फूल सुबक वाळत नाही. त्याची मरगळच वाळते. त्यामुळे फूल कशासाठी हवं आहे, हे कात्री हातात घेण्याआधी ठरवा.

## आधी फुलाचं वय ओळखा

हायड्रेंजियाच्या घोसात ज्यांना आपण पाकळ्या समजतो, ती निदलं असतात. ती सामान्य पाकळ्यांपेक्षा जास्त काळ टिकतात आणि झाडावरच हळूहळू जाड, कडक होत जातात. प्रत्येक चार-पाच निदलांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी एक गोळी दिसते. ती खरी फुलाची कळी. वय तिच्यावरून आणि निदलांच्या स्पर्शावरून कळतं.

कोवळं: मधल्या गोळ्या बंद, निदलं मऊ आणि ओलसर, घोसाच्या आतल्या भागात अजून हिरवट-पिवळी न उमललेली फुलं. हे कापू नका, ना फुलदाणीसाठी ना वाळवायला.

फुलदाणीजोगं: घोस पूर्ण रंगात, आतली फुलंही उमललेली, निदल चिमटीत धरल्यावर किंचित घट्ट लागतं. काही गोळ्या उघडायला लागलेल्या असतात.

वाळवण्याजोगं: मधल्या गोळ्या उघडून गळून गेलेल्या, मूळ रंग उतरून त्यात हिरवट, राखी किंवा मरून छटा आलेली, आणि घोसावरून हात फिरवला की कागदासारखी सळसळ ऐकू येते. ही अवस्था फूल उमलल्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी, हंगामाच्या उत्तरार्धात येते.

> तपासा: डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. रंग फसवतो, स्पर्श सहसा फसवत नाही. निदल दुमडल्यावर ओल्या कापडासारखं पडून राहिलं तर थांबा.

# भाग पहिला: फुलदाणीत टिकवणं

## १. सामान आधी मांडून ठेवा

कापलेलं फूल हातात धरून तुरटी शोधत बसायचं नाही. देठाचं तोंड हवेत उघडं राहिलं की त्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरते आणि वाट अडते. म्हणून हे सगळं हाताशी हवं:

- धारदार छाटणी कात्री किंवा सुरी. बोथट धार देठ चेपते.
- झाडाजवळ न्यायला बादली, अर्धी साध्या गार पाण्याने भरलेली.
- बारीक पूड केलेली तुरटी, एका वाटीत दोन-तीन चमचे. किंवा तिच्याऐवजी एक कप उकळतं पाणी.
- साबणाने घासून, खळखळून धुतलेली फुलदाणी. आधीच्या फुलांचा बुळबुळीत थर तळाशी राहिला असेल तर नवीन पाण्यातही जिवाणू झपाट्याने वाढतात.

ज्यांच्या त्वचेला लगेच खाज येते त्यांनी हातमोजे घालावेत. हायड्रेंजियाच्या पानांनी आणि रसाने काहींना पुरळ उठतं.

## २. पहाटे कापा, आणि कुठे कापायचं ते बघून कापा

झाड रात्रभर पाणी पिऊन भरलेलं असतं, म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत कापणी करा. आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी घातलेलं असेल तर फारच उत्तम. दुपारी झाडावरच माना खाली घातलेली फुलं कापून आणून ती पाण्यात सावरतील अशी आशा धरू नका.

शक्य असेल तेव्हा जुन्या, तपकिरी झालेल्या फांदीवरचं फूल निवडा. यंदाच्या हिरव्या, लुसलुशीत कोंबावरचं फूल लवकर मान टाकतं.

जागेचा प्रश्न प्रकारानुसार बदलतो. मोठ्या गोल घोसांचा मॅक्रोफायला प्रकार बहुतेक वेळा जुन्या फांदीवर फुलतो, आणि पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे उन्हाळा उतरतानाच त्याच्या पेरांवर धरलेले असतात. त्यामुळे उशिरा कापताना घोसाखालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या वरच कात्री लावा. लांब देठाच्या मोहापायी खाली कापलंत तर पुढच्या वर्षी त्या फांदीला फूल नाही. शंकूसारख्या घोसाचा पॅनिक्युलाटा आणि पांढऱ्या गोळ्यांचा आर्बोरेसेन्स (यातला ‘अ‍ॅनाबेल’ सगळ्यांच्या ओळखीचा) नव्या फांदीवर फुलतात, तिथे हवा तेवढा लांब देठ घ्या.

कापल्या कापल्या देठ बादलीत. सगळी फुलं कापून झाल्यावर एकदम पाण्यात घालू, हा हिशेब चुकीचा आहे.

## ३. पानं काढा

हायड्रेंजियाची पानं मोठी असतात आणि भराभर पाणी उडवतात. देठातून जेमतेम पाणी चढत असताना पानं आणि घोस एकाच पाण्यासाठी भांडतात, आणि हरतो तो घोस. म्हणून सगळी पानं काढा. शोभेसाठी अगदीच हवं असेल तर घोसाला लागून असलेलं एखादं छोटं पान ठेवा. पाण्याखाली जाणारं पान मात्र एकही नको. ते दोन दिवसांत कुजतं.

हिरवाई हवी असल्यास पानांच्या वेगळ्या डहाळ्या कापून त्याच फुलदाणीत लावा. दिसायला फरक पडत नाही आणि फुलाचं पाणी फुलालाच मिळतं.

## ४. देठाचं तोंड तयार करा

याच पायरीला सगळ्यात जास्त चुका होतात. हायड्रेंजियाच्या देठातून चिकट स्राव येतो. तो कापलेल्या तोंडाशी साचला की पाणी वर चढत नाही, आणि भरल्या फुलदाणीत फूल तहानेने मरतं.

प्रथम देठाला हव्या त्या लांबीवर पुन्हा तिरका काप द्या, साधारण ४५ अंशांत. तिरक्या कापामुळे तोंड तळाशी सपाट टेकून बंद होत नाही. देठ जाड आणि लाकडी असेल तर तोंडाला मधोमध २ ते ३ सेंमी उभी चीर द्या. मग खालीलपैकी एकच उपाय करा.

तुरटी: ओलं तोंड लगेच तुरटीच्या पुडीत सुमारे १ सेंमी बुडवा, जास्तीची पूड झटका आणि देठ थेट फुलदाणीत ठेवा. फुलं टिकवायच्या काही द्रावणांत अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असतं. तुरटी त्याच जातीची. ती तोंडाशी जिवाणू वाढू देत नाही.

उकळतं पाणी: गॅसवरून उतरवलेलं पाणी कपात ओता आणि देठाचं खालचं २ ते ३ सेंमी टोक त्यात ३० सेकंद धरा. घोस बाजूला कलता ठेवा, वाफ लागली की निदलं भाजतात. ३० सेकंदांनी लगेच साध्या पाण्यात. नंतर कधी देठ पुन्हा कापलात तर हा उपाय पुन्हा करावा लागतो, कारण भाजलेलं टोक गेलेलं असतं.

> नको: देठाचं टोक हातोडीने ठेचणं. जुनी सवय आहे, पण ठेचल्याने पाण्याच्या नळ्याच चिरडतात आणि चेंदलेल्या भागात जिवाणूंना आयतं घर मिळतं.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. फुलदाणीतल्या तुरटीने गुलाबी फूल निळं होत नाही. निळा रंग झाड मातीत असताना, आम्ल जमिनीतून मुळांनी घेतलेल्या अ‍ॅल्युमिनियममुळे येतो.

## ५. दोन-तीन तास अंधाराची विश्रांती

तयार देठ उंच भांड्यात, घोसाच्या खालपर्यंत येईल इतक्या पाण्यात उभे करा आणि थंड, सावलीच्या खोलीत दोन-तीन तास ठेवा. रात्रभर ठेवलंत तर अधिक चांगलं. या वेळात फूल पाणी भरून घेतं आणि नंतर खोलीच्या उष्म्याला टिकतं. घाईच्या वेळी वगळली जाणारी पायरी हीच, आणि समारंभाच्या दिवशी ऐन वेळी माना टाकणारी फुलं याच घाईतली असतात.

> तपासा: विश्रांतीनंतर फुलदाणी हलकेच हलवा. घोस ताठ राहून एकत्र हलला पाहिजे. कडेची निदलं लोंबत असतील तर ते फूल मांडणीत घेऊ नका, आधी खाली दिलेला बुडवण्याचा उपाय करा.

## ६. मांडणी आणि रोजची देखभाल

फुलदाणी तीन-चतुर्थांश भरा. देठाचा जितका भाग पाण्यात तितकं बरं. उन्हाची खिडकी, पंख्याचा झोत, गरम होणारी यंत्रं आणि पिकणारी फळं यांच्यापासून लांब ठेवा.

पाणी रोज बदला. त्यात काही घालायचं असेल तर फुलांसाठी मिळणारी तयार पूड पाकिटावरच्या मापाने घाला. नुसती साखर घालू नका. जिवाणूंची मेजवानी होते. आणि घरगुती प्रयोगात ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दर दोन-तीन दिवसांनी देठ १ ते २ सेंमी कापून तुरटी पुन्हा लावा. घोसावर दिवसातून एकदा पाण्याचा बारीक फवारा मारलात तर चालतो. योग्य वयाचं फूल अशा देखभालीत आठवडाभर सहज राहतं, पक्व फूल त्याहूनही जास्त.

## मान टाकली तर

हे फूल देठासोबत निदलांतूनही पाणी शोषतं, त्यामुळे मलूल हायड्रेंजिया बऱ्याचदा परत उभं राहतं.

१. देठ २ ते ३ सेंमी तिरका कापून तुरटी किंवा उकळत्या पाण्याचा उपाय करा.
२. बादलीत गार पाणी घ्या (बर्फाचं नको) आणि अख्खा घोस त्यात उलटा बुडवा. तरंगत असेल तर वर ओली ताटली ठेवा.
३. ३० ते ४५ मिनिटं थांबा. फारच कोमेजलं असेल तर दोन तासांपर्यंत.
४. बाहेर काढून हलकेच झटका आणि खोल पाण्यात, सावलीत उभं करा.

तासाभरात फरक दिसायला हवा. निदलांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या असतील तर तो भाग परत येणार नाही. तेवढी निदलं खुडून टाका.

# भाग दुसरा: घरात वाळवणं

इथे हिशेब उलटा होतो. आधी पाणी मिळावं म्हणून धडपड होती, आता ते जावं, पण इतकं हळू जावं की निदलांचा आकार मोडू नये. म्हणूनच कडक झालेलं, पक्व फूल हवं. कोवळ्या निदलांत पाणी जास्त असतं. ते गेलं की आतून आधार द्यायला काही उरत नाही आणि निदल गोळा होतं.

शंकूचा पॅनिक्युलाटा आणि हिरवा पडलेला अ‍ॅनाबेल वाळवायला सगळ्यात सोपे. पहिल्यांदा करत असाल तर त्यांच्यापासून सुरुवात करा. मॅक्रोफायलाला धीर लागतो.

## १. कोरड्या दिवशी कापा

फुलदाणीसाठी पहाट चांगली, वाळवण्यासाठी मात्र दव पूर्ण उडून गेल्यावर कापा. पावसानंतर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. घोसाच्या आत अडकलेलं पाणी बाहेरून दिसत नाही आणि तिथूनच बुरशी सुरू होते. घोस उलटा धरून झटका. थेंब पडले तर आज नको.

देठ ३० ते ४५ सेंमी ठेवा (फांदीवरचे पुढच्या वर्षीचे डोळे सांभाळून), सगळी पानं काढा, डागाळलेली निदलं खुडा. वाळल्यावर डाग फिका होत नाही, उलट गडद होतो.

## २. पद्धत निवडा

### थोड्या पाण्यात वाळवणं

बहुतेकांनी हीच पद्धत वापरावी. ऐकायला उफराटी वाटते, पण देठाला थोडं पाणी मिळत राहिलं की निदलं सावकाश वाळतात आणि पसरलेलीच राहतात.

१. फुलदाणीत ५ ते ८ सेंमी पाणी घाला. त्यात साखर, पूड, काही नको.
२. घोस एकमेकांना टेकणार नाहीत इतकेच देठ ठेवा. मोठे घोस असतील तर एका फुलदाणीत एक ते तीन.
३. थेट ऊन नसलेल्या, हवा खेळती असलेल्या कोरड्या खोलीत ठेवा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर बाद.
४. पाणी वाढवू नका. ते उडून जाऊ द्या. दोन ते तीन आठवडे लागतात.

पहिल्या तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होऊन वास आला तर तेवढंच स्वच्छ पाणी एकदा बदला. त्यानंतर हात लावू नका. दया येऊन पाणी घालत राहणं ही या पद्धतीतली नेहमीची चूक. देठ कुजतो आणि फूल ना ताजं राहतं ना वाळतं.

> तपासा: चौथ्या-पाचव्या दिवशी निदलं मऊ पडून लोंबत असतील तर फूल कोवळं होतं. ते सोडून द्या आणि त्या झाडावरची उरलेली फुलं आणखी दोन आठवडे राहू द्या.

### उलटं टांगून

लहान घोस आणि शंकूच्या प्रकारासाठी ठीक. मोठा गोल घोस उलटा टांगला की निदलं घोसाच्या टोकाकडे मिटतात आणि आकार बसका होतो. देठ एकेक करून टांगा, जुडी बांधू नका. जुडीच्या मधल्या फुलांना हवा लागत नाही. दोऱ्याऐवजी रबरबँड वापरा, कारण देठ वाळून बारीक झाला की दोऱ्याची गाठ सैल पडते आणि फूल खाली येतं. अंधारी, कोरडी, हवेशीर जागा आणि दोन ते तीन आठवडे.

### सिलिका जेलमध्ये

सिलिका जेल म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे. ऐन भरातला निळा किंवा गुलाबी रंग टिकवायचा असेल तर हाच मार्ग. इथे फूल जून व्हायची वाट पाहावी लागत नाही, पूर्ण उमललेलं आणि बाहेरून ठणठणीत कोरडं असलं म्हणजे झालं. अख्खा घोस बुडवायला काही किलो जेल लागतं, त्यामुळे घोस सुटा करून लहान झुबके वाळवणं जास्त व्यवहाराचं.

१. वाळूसारखं बारीक जेल घ्या. मोठ्या मण्यांचे निदलांवर खड्डे उठतात.
२. हवाबंद डब्यात ३ सेंमी थर पसरा. झुबका देठ खाली करून त्यात रोवा.
३. चमच्याने जेल आधी बाजूंनी, मग निदलांच्या खाली आणि शेवटी वरून सोडा. एकदम वरून ओतलं तर निदलं दबून चपटी होतात.
४. पूर्ण झाकून वर आणखी २ सेंमी थर द्या, झाकण घट्ट लावा.
५. तिसऱ्या दिवशी एक निदल उघडं करून बघा. कागदासारखं वाजलं तर झालं, नाहीतर आणखी दोन दिवस. फार दिवस ठेवलं तर फूल हात लावताच तुटतं.

फूल ओढून काढू नका. डबा कलता करून जेल हळू ओतून घ्या आणि खाली सुटं झालेलं फूल उचला. अडकलेले कण मऊ कुंचल्याने झटका. जेल ओतताना तोंडाला मास्क हवा, त्याची धूळ घशाला लागते. ओल दाखवायला रंग बदलणारं जेल घ्यायचं असेल तर निळ्यापेक्षा केशरी घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. वापरलेलं जेल ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला, रंग मूळपदावर येईपर्यंत तापवलं की पुन्हा कामाला येतं.

### ग्लिसरिनमध्ये

एक भाग ग्लिसरिन, दोन भाग कोमट पाणी, देठाचं टोक ताजं कापून त्यात दोन-तीन आठवडे. फूल लवचीक राहतं आणि चुरत नाही, पण रंग तपकिरीकडे झुकतो. रंगासाठी वाळवत असाल तर या वाटेला जाऊ नका.

## ३. खरंच वाळलं का?

निदलं आधी वाळतात, घोसाच्या आतले बारीक देठ सगळ्यात शेवटी. घाई इथेच नडते: वरून कुरकुरीत लागलेलं फूल खोक्यात भरलं जातं आणि आतली ओल बुरशी धरते. घोसाच्या मध्यात बोट घालून एक बारीक देठ वाकवा. कट्‌कन तुटला तर वाळलं; वाकून राहिला तर आणखी चार-पाच दिवस.

हवेत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत असेल तर पाण्यात किंवा टांगून वाळवण्याचा हट्ट धरू नका. फूल वाळण्याआधी डागाळतं. अशा दिवसांत सिलिका जेल वापरा, किंवा हवेतली ओल शोषणारं यंत्र चालू असलेल्या खोलीत वाळवा.

## ४. मांडणी आणि साठवण

वाळलेली फुलं उन्हात महिनाभरात फिकी पडतात, म्हणून खिडकीसमोर नकोत. ज्वाला, दिवा, मेणबत्ती यांच्या जवळ तर अजिबात नकोत. हेअर स्प्रेचा हलका हात दिला तर निदलं कमी गळतात, पण जास्त मारला की चिकटपणामुळे धूळ बसते आणि पुसता येत नाही. फवारताना जवळ आग नसावी.

धूळ काढायला हेअर ड्रायर थंड हवेवर, सर्वात कमी वेगावर, हातभर अंतरावरून. ओलं फडकं नको.

ठेवून द्यायची असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येक घोसाभोवती टिशू पेपर सैलसर गुंडाळून, सिलिकाची एक पुडी टाकून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी बंद करून वापरू नका. महिन्यातून एकदा खोकं उघडून वास घ्या. कोंदट वास आला तर सगळी फुलं बाहेर काढा, पांढुरका लव दिसणारं फूल लगेच फेका आणि बाकीची दोन दिवस हवेशीर ठेवून मगच परत भरा.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर फुलं, पानं आणि खुडलेला कचरा त्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नका. हायड्रेंजिया ताजं असो वा वाळलेलं, पोटात गेलं तर विषारी आहे. फुलदाणीतलं जुनं पाणीही उघड्या भांड्यात ठेवू नका, सरळ मोरीत ओता.